माजी सैनिकांचे आभार मानायचेत? नाशिककरांसाठी शोधण्यापासून मदतीपर्यंत सगळं सविस्तर

नाशिकमध्ये राहून फौजी माणूस ओळखीचा नाही असं होणं अवघडच आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, ओझरला एअर फोर्स, आणि भोसला मिलिटरी स्कूल तर 1937 पासून इथंच. रेंजवर फायरिंग चालू असलं की देवळाली-भगूर बाजूला तोफांचे धडाके ऐकू येतात आणि लोक निवांत भाजी घेत असतात, इतकी सवय. आणि एवढे निवृत्त लोक आजूबाजूला असताना आपण त्यांचे आभार मानतो कधी, तर 15 ऑगस्टला, माइकवरून, सगळ्यांचे एकदमच, "आपल्या परिसरातील सर्व माजी सैनिकांचे आम्ही ऋणी आहोत" आणि लगेच पुढचा आयटम लहान मुलांचा डान्स.

माझं मत सरळ आहे. आभार एका वेळी एका माणसाचे मानायचे, त्याने नक्की काय काम केलं ते विचारून मानायचे, आणि त्यानंतर त्याच्या थोडंफार उपयोगी पडायचं. शाल-श्रीफळ, बॅनर, सत्कार हे सगळं त्याच्या नंतर. ते कसं करायचं ते खाली लिहितोय, क्रमाने गेलात तर सोपं जाईल.

आधी माणूस शोधा

माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढऱ्या मिशा आणि काठी येते. पण जवान लोक चाळिशीच्या आसपासच रिटायर होऊन येतात, काही तर त्याच्याही आधी. म्हणजे तुमच्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला, सातपूर-अंबडच्या कंपनीच्या गेटवर रजिस्टर लिहिणारा, सोसायटीचा सिक्युरिटी सुपरवायझर, शाळेत पीटी घेणारे सर, किंवा निफाडकडे द्राक्षबागेत फवारणी करणारा शेतकरी, यातला कुणीही असू शकतो. रोज आपण ज्याला "ओ वॉचमन" म्हणून हाक मारतो तो सियाचिनला राहून आलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

तर सुरुवात आपल्या बिल्डिंगपासून करा. सोसायटीच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाका, घरात कुणी आर्मी, नेव्ही, एअर फोर्समध्ये होतं का. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीत विचारा, बहुतेक तालुक्यांत माजी सैनिकांची संघटना असते, त्यांच्याकडे सगळी खबर असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन विचारता येतं, मात्र ते लोकांचे पत्ते-नंबर वाटत बसणार नाहीत आणि वाटूही नयेत, तुम्ही काय करू इच्छिता ते सांगा, ते योग्य माणसाशी गाठ घालून देऊ शकतात.

शोधताना वीरनारी, वीरमाता, वीरपिता, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नी आणि आई-वडील, यांना विसरू नका. आणि ज्यांचे मिस्टर नोकरी पूर्ण करून घरी आले आणि नंतर वारले अशा बायका तर कुठल्याच यादीत नसतात. वीस वर्षं नवरा बॉर्डरवर आणि इकडे सासू-सासरे, शेती, पोरांच्या शाळा सगळं एकटीने केलेलं असतं.

रँक आणि युनिट नीट लिहून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतात. एका कार्यक्रमात बघितलं, मानद कॅप्टनच्या बॅनरवर "सैनिक" एवढंच, आणि शेजारच्या नायक साहेबांना डायरेक्ट "मेजर" करून टाकलेलं. दोघेही काही बोलले नाहीत, पण फोटोला उभे राहताना चेहरे सांगत होते.

थोडक्यात आर्मीतला क्रम असा: शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. हे शेवटचे तीन म्हणजे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), आणि त्यांना फौजेत ऑफिसर लोकही "साहेब" म्हणतात. काही जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन मिळतं, तिथे "मानद" शब्द गाळू नका, तो मान आहे. त्याच्यावर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल हे ऑफिसर. तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात. ओझरवाल्यांचं वेगळं, तिथे कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर. पत्रिकेत लिहिताना आधी रँक, मग नाव, मग कंसात निवृत्त.

युनिट पण विचारा. मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट, बॉम्बे सॅपर्स (इंजिनिअर), तोफखाना, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे), सिग्नल्स (संपर्क यंत्रणा), एएससी (पुरवठा आणि वाहतूक), मेडिकल कोअर, सगळ्यांचा आपापला अभिमान असतो आणि मराठावाल्याला महार किंवा महारवाल्याला मराठा लिहिलंत तर तुमच्या शालीचा काही उपयोग नाही. मेडलचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या, सेना मेडल वेगळं, शौर्यचक्र वेगळं, आणि बरीचशी मेडल्स ठराविक भागात किंवा ठराविक वर्षं नोकरी केल्याबद्दल असतात. अंदाजाने "शौर्यपदक विजेते" छापू नका, त्यांनाच चारचौघांत खुलासा करत बसावं लागतं.

भेटायला जा, हातात फार काही नको

फोन करून जा. दुपारी एक ते चार सोडून. फौजी माणसाला वेळेचं वेड असतं, पाच म्हणालात तर पावणेपाचला ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले असतील, आपलं नाशिकचं "निघालोच, रस्त्यातच आहे" तिथे चालत नाही. सोबत चिवड्याचा पुडा न्या, घरची द्राक्षं असतील तर ती न्या, बुके नको, तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. शक्य असेल तर पोरांना न्या.

दारात "जय हिंद" म्हटलं की काम झालं. सॅल्यूट ठोकायची गरज नाही.

आता बोलायचं काय, हा खरा प्रश्न. आपल्या लोकांची ठरलेली तीन वाक्यं असतात: "तुमच्यामुळे आम्ही शांत झोपतो", "तुम्ही खरे हिरो", आणि मग लगेच "युद्धात होता का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. अहो, फौजेत स्वयंपाकी असतो, क्लार्क असतो, ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, टेलिफोनची लाइन ओढणारा, गाड्या दुरुस्त करणारा असतो. लेहच्या रस्त्यावर थंडीत ट्रक बंद पडल्यावर उघड्या हातांनी इंजिन खोलणाऱ्या ईएमईच्या मेकॅनिकने गोळी झाडली नसेल, म्हणून त्याची नोकरी कमी झाली का.

म्हणून युद्धाचं सोडा आणि साधं विचारा. भरती कुठे झाली, पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा वय काय होतं, ट्रेनिंगला कुठे, उस्ताद (ट्रेनिंग देणारा) कसा होता, सगळ्यात थंड पोस्टिंग कुठली, सुट्टी मंजूर झाल्यावर गावी पोहोचायला किती दिवस लागायचे, पत्रं कशी यायची. नाव, युनिट आणि "56 एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता लिहून पाकीट टाकलं की ते बरोबर बर्फात पोहोचायचं, यावर काका-काकू दोघंही तासभर बोलू शकतात, तुम्हाला फक्त ऐकायचंय.

जाण्याआधी दहा मिनिटं वाचून गेलात तर अजून चांगलं. समोरची व्यक्ती तोफखान्यातली असेल तर कारगिलबद्दल वाचा, 1999 ला तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेट डागले, आणि द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 2022 मध्ये "गन हिल" नाव मिळालं ते तोफखान्याच्याच मानासाठी. सियाचिनवाले असतील तर ऑपरेशन मेघदूत, एप्रिल 1984, म्हणजे आपल्या फौजेने सियाचिन ताब्यात घेतलं ती मोहीम. आणि कुणी 1987 ते 1990 मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत होतं असं कळलं तर जरा जास्तच वेळ काढून बसा, कारण 71 आणि कारगिलबद्दल सगळे विचारतात, त्या लोकांना विचारायला कुणी येत नाही.

काही गोष्टी अजिबात विचारू नका. किती जणांना मारलं, हा प्रश्न नकोच, पोरांनाही आधी सांगून न्या. गोळी कुठे लागली, दाखवा ना, हेही नको. पेन्शन किती मिळते? तुमचा पगार कुणी दारात येऊन विचारला तर कसं वाटेल. आणि आपल्याकडचा अमर प्रश्न, "साहेब, कॅन्टीनची (फौजींच्या सवलतीच्या दुकानातली) एखादी बाटली मिळेल का?" लोक आभार मानायला जातात आणि उठताना हे विचारतात, खरंच! कॅन्टीनचा कोटा त्या माणसासाठी आणि त्याच्या घरासाठी असतो, बाहेर दिला तर तो अडचणीत येऊ शकतो, आणि नाही म्हणायचा संकोच होतो तो वेगळाच.

बोलता बोलता ते मध्येच थांबले, विषय बदलला, उठून पाणी आणायला गेले, तर तुम्हीही विषय बदला. सगळं सांगायलाच पाहिजे असं काही नाही.

अजून एक, तोफखान्यातल्या बऱ्याच जुन्या लोकांना ऐकू कमी येतं, आयुष्य तोफेच्या शेजारी गेलेलं असतं. आमच्या ओळखीचे एक हवालदार साहेब आहेत, ते पाहुणा आला की न सांगता आपली खुर्ची भिंतीकडे सरकवतात म्हणजे तुम्ही आपोआप त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला येता, आणि तरी पंखा बंद केल्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत. तर ओरडू नका, समोर बसा, तोंड दिसेल असं बसा, टीव्ही आणि पंखा बंद करायला सांगा, हळू बोला. मास्क असेल तर खाली घ्या. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे चालू असताना त्यांना गाठून "काका तुमचे खूप आभार" केलंत तर ते नुसती मान हलवतील.

पत्र लिहा, व्हॉट्सअॅप नको

व्हॉट्सअॅपवर तिरंग्याचा जीआयएफ रोज वीस येतात. हाताने लिहिलेलं पत्र येत नाही. आंतरदेशीय घ्या किंवा साधा कागद, एक पान पुरे, पण त्यात त्यांच्याबद्दलची एक तरी गोष्ट अशी पाहिजे जी दुसऱ्या कुणाच्या पत्रात जाणार नाही. काहीसं असं:

"आदरणीय सुभेदार साहेब, जय हिंद. मी बी विंगमधला, तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता तेव्हा माझी मुलगी स्कूलबसची वाट बघत असते. त्या दिवशी तुम्ही तिला सांगितलंत की तुमच्या मुलाचा जन्म झाला तेव्हा तुम्ही तवांगला होतात आणि तार दहा दिवसांनी मिळाली. ती घरी येऊन म्हणाली, बाबा मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी तिथेच होतो, हॉस्पिटलच्या बाकावर. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. काकूंनाही नमस्कार सांगा. आभारी आहे."

इतकंच. "शूरवीर", "रणधुरंधर", "भारतमातेचे सुपुत्र" हे शब्द बॅनरवाल्याकडे राहू द्या. पोरांकडून लिहून घ्यायचं असेल तर आधी भेट घडवा आणि मग पत्र, नाहीतर शाळेत फळ्यावरचं एकच पत्र चाळीस मुलं उतरवतात आणि तो गठ्ठा कुणाच्या तरी माथी मारला जातो.

तारखा

14 जानेवारी माजी सैनिक दिवस. 1953 ला याच तारखेला लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले होते. बहुतेक वर्षी तीच संक्रांत असते, म्हणजे तिळगूळ घेऊन जायला वेगळं निमित्त शोधायला नको, मला स्वतःला हाच दिवस सगळ्यात आवडतो. 15 जानेवारी सेना दिवस. 26 जुलै कारगिल विजय दिवस. 28 सप्टेंबर गनर्स डे, म्हणजे तोफखान्याचा दिवस, आपल्या नाशिकमध्ये तरी हा माहीत पाहिजे. 8 ऑक्टोबर एअर फोर्स डे, ओझरवाल्यांना त्या दिवशी फोन करा. 4 डिसेंबर नौदल, 7 डिसेंबर ध्वजदिन, 16 डिसेंबर 1971 चा विजय दिवस. पण एखाद्या फालतू मंगळवारी गेलात तर जास्त बरं, त्या दिवशी दुसरं कुणी आलेलं नसतं.

कार्यक्रम करायचाच असेल तर

करा, पण छोटा. पाच-सात जण, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, आणि निवेदकाने प्रत्येकाबद्दल तीन खरी वाक्यं आधी लिहून ती त्यांना दाखवून घेतलेली असावीत. प्रमुख पाहुण्यांचं भाषण शेवटी आणि आखडतं. सत्काराला बोलावलेली सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं पावणेदोन तास उन्हात आणि नगरसेवक अजून "पाच मिनिटांत पोहोचतायत", हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वेळेवर सुरू करा, पाहुणे नंतर आले तर नंतर बसतील. खुर्ची पाठ असलेली, सावलीत, बाथरूम जवळ, स्टेजला पायऱ्या असतील तर आपणच खाली उतरून सत्कार करायचा.

युनिफॉर्म घालून या असं सांगू नका. मेडल्स लावायची तर ते ठरवतील, साध्या कोटावर डाव्या बाजूला लावतात. नाशिक ढोल छान वाटतो पण कानाशी नको, आणि फटाके तर विचारल्याशिवाय नकोच. पत्नीला खाली प्रेक्षकांत बसवून फक्त नवऱ्याला वर बोलावू नका, दोघांना बोलावा. आणि शालीचं काय, प्रत्येकाच्या कपाटात डझनभर पडलेल्या असतात. त्यापेक्षा त्यांचा जुना, पिवळा पडलेला युनिटचा ग्रुप फोटो दोन दिवसांसाठी मागून घ्या, स्कॅन करून साफ करून मोठी प्रिंट फ्रेम करून द्या.

इलेक्शन जवळ असेल तर बॅनरवर कोण कोण येतंय ते बघा. फौजी लोकांचे फोटो प्रचारात वापरू नका असं निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलेलं आहे, आणि साहेबांना न विचारता त्यांना कुणाच्या तरी फोटोखाली उभं करणं म्हणजे आभार नव्हे. फेसबुकवर टाकण्याआधीही विचारा. आयकार्डचा फोटो नको, आणि मुलगा सध्या नोकरीत असेल तर त्याचं युनिट, पोस्टिंगचं ठिकाण अजिबात लिहू नका.

आता उपयोगी पडा

इथे बहुतेक लोक गळतात, आणि खरी गरज इथेच आहे.

पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर आलीय. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन अडकते. जीवन प्रमाण अॅपवर आधार आणि चेहरा स्कॅन करून घरबसल्या होतो, पण ज्याने आयुष्यात वायरलेस सेट सराईतपणे चालवला त्यालाही सत्तराव्या वर्षी अॅपमध्ये डोळे मिचकवायला जमत नाही, चष्मा काढा, उजेडात बसा, परत करा. तुमचा अर्धा तास जातो. पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहा, ओटीपी त्यांनाच टाकू द्या, तुमच्या फोनमध्ये काही सेव्ह करू नका. "पेन्शन बंद होणार, केवायसी करा" असे फसवे फोन या लोकांना भरपूर येतात, ते एकदा बसून समजावून सांगा.

दुसरं काम कागदपत्रांचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे ना, तर साहेबांच्या डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, आणि जन्मतारीख तर कुणाचीच जुळत नाही. साहेब असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही, ते गेल्यावर काकूंना फॅमिली पेन्शनसाठी हेलपाटे सुरू होतात. म्हणून साहेब हयात असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पासबुक समोरासमोर ठेवून नाव आणि तारीख तपासा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला (फौजेत त्यांच्या नोकरीची नोंद ठेवणारं कार्यालय) काय पाठवायचं, अॅफिडेव्हिट कसं करायचं ते सांगतात. तुम्ही टायपिंग, झेरॉक्स आणि गाडी एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

गाडीवरून आठवलं. ईसीएचएस म्हणजे त्यांची दवाखान्याची योजना, 2003 पासूनची, त्यात साधारणपणे आधी पॉलिक्लिनिकला (योजनेच्या दवाखान्यात) दाखवून रेफरल घ्यायचं आणि मग मोठ्या हॉस्पिटलला जायचं. कळवण-सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला देवळालीपर्यंत यायचं म्हणजे अख्खा दिवस, एसटी बदलत, हातात फायली घेऊन. तुम्ही त्या बाजूने येत असाल तर सोबत आणा, रांगेत थांबा, औषधांची चिठ्ठी नीट वाचून द्या. माजी सैनिकांना घरपट्टी माफीची राज्याची योजना आहे, अर्ज ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करावा लागतो, बऱ्याच जणांनी केलेलाच नसतो, तो भरून द्या.

आणि कंपनी चालवत असाल, किंवा एचआरमध्ये असाल, तर रिटायर फौजीला डोळे झाकून गेटवर उभं करू नका. ईएमईवाला मेंटेनन्स सांभाळेल, एएससीवाला स्टोअर आणि ट्रान्सपोर्ट सांभाळेल, सिग्नल्सवाल्याला नेटवर्किंग शिकवलंत तर पटकन शिकेल. त्यांना बायोडेटा लिहिता येत नाही, "सोळा वर्षं नोकरी, शिस्तप्रिय" एवढंच लिहून आणतात, मग इंटरव्ह्यूत विचारा की किती माणसं हाताखाली होती, किती गाड्या, स्टॉक कसा सांभाळायचात.

पैसे द्यायचे असतील तर

ध्वजदिन निधी. 1949 पासून चालू आहे, 7 डिसेंबरच्या सुमारास शाळा-ऑफिसांत छोटे झेंडे येतात ते याचेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात थेट भरता येतात, किंवा केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अधिकृत वेबसाइटवरून. पावती घ्याच. कंपन्यांना माजी सैनिक आणि वीरनारींसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये (कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात) धरता येतो, तर वर्षअखेरीस पैसे उरले म्हणून झाडं लावण्यापेक्षा मार्चच्या आधी एकदा तिकडे विचारा.

सिग्नलला किंवा सोसायटीच्या दारात कुणी "जवानांसाठी" म्हणून डबा घेऊन आलं, किंवा फॉरवर्डमध्ये एखादा यूपीआय क्यूआर आला, तर देऊ नका. कुठल्या कार्यालयाचं पत्र आहे, पावती पुस्तक कुणाचं, एवढं विचारा, बहुतेक तिथेच गडी पुढच्या गल्लीत निघून जातो.